उतरलेलें वजन आणि अडलेला कांटा

गेल्या महिन्यांत माझी एक जुनी विद्यार्थिनी मला भेटावयास आली. शाळेंत ती हुशार, पण अंगानें स्थूल. मुलें तिची थट्टा करीत. त्या थट्टेस मीं वेळींच आळा घातला नाहीं, ही खंत आजही मनांत आहे. आतां पन्नाशीच्या घरांत आल्यावर तिनें वजन उतरविण्यासाठीं जठराची शस्त्रक्रिया करून घेतली. पहिल्या वर्षांत ३४ किलो वजन उतरलें. पुढें कांटा जागच्या जागीं अडला, आणि मग ३ किलो वजन परत आलें. ती म्हणाली, “मास्तर, एवढें दिव्य केलें, तरी घरचीं माणसें म्हणतात कीं तुझी जीभच तुझी वैरीण! डॉक्टरांकडे जायचीही आतां लाज वाटते. माझें चुकलें तरी काय?”

या प्रश्नाचें वैद्यकीय उत्तर देण्याचा अधिकार माझा नव्हे. तें तिच्या डॉक्टरांनींच द्यावें. परंतु इतिहास हा माझा जन्माचा विषय. या शस्त्रक्रियेचा इतिहास चाळला तेव्हां दिसून आलें कीं, हा प्रश्न तिच्या एकटीचा नाहीं.

स्थौल्याची चिंता जुनीच आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत अतिस्थूल मनुष्याचें वर्णन आहे. मेदानें मार्ग अडले म्हणजे वायु कोठ्यांत फिरून अग्नि चेतवितो व त्या मनुष्यास वारंवार भूक लागते, असें तेथें म्हटलें आहे. ही उपपत्ति आज कोणी जशीच्या तशी मानणार नाहीं. पण अनावर भूक ही शरीराच्या व्यापारांतून उपजते, ती केवळ हावरेपणा नव्हे, ही जाणीव त्या ग्रंथकारास होती.

युरोपच्या इतिहासांतही एक गमतीचा दाखला आहे. दहाव्या शतकांत स्पेनमधील लेओन राज्याचा राजा सांचो इतका स्थूल झाला कीं, त्याला घोड्यावर बसतां येईना. ९५८ सालीं सरदारांनीं त्यास पदच्युत केलें. त्याची आजी तोदा त्याला कॉर्डोव्याच्या खलीफाकडे घेऊन गेली. तेथें हसदाय इब्न शाप्रूत या यहुदी वैद्यानें त्याच्यावर उपचार केले. सांचो हलका झाला, घोड्यावर बसूं लागला, आणि खलीफाच्या फौजेच्या साह्यानें त्यानें आपलें राज्य परत मिळविलें. या गोष्टींत यशाचें माप तराजू नसून घोडा आहे, एवढें ध्यानांत ठेवावें.

आतां अलीकडच्या काळाकडे वळूं. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ सालीं, अमेरिकेंतील मिनेसोटा विद्यापीठांत अँसेल कीज या शास्त्रज्ञानें ३६ निरोगी तरुणांवर, त्यांच्या संमतीनें, अर्धपोटीं राहण्याचा प्रयोग केला. २४ आठवड्यांत त्यांचें वजन सुमारें चौथाईनें घटलें. त्यांना जागेपणीं अन्नाखेरीज दुसरें कांहीं सुचेना. आहार मोकळा होतांच ते कितीही खाल्लें तरी तृप्त होईनात, आणि पुष्कळांच्या अंगीं पूर्वींपेक्षांही अधिक चरबी चढली. शरीर आपलें वजन घरच्या ठेवीप्रमाणें राखूं पाहतें, हा त्यांतला धडा होता.

त्याच विद्यापीठांत १९५४ सालीं क्रेमेन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं, लहान आंतड्याचा बराचसा भाग वगळून अन्नाचें शोषण कमी करतां येतें, असें दाखविलें. पुढें लॉस एंजेलीस येथें पेन व डेविंड यांनीं हा मार्ग पुष्कळ रोग्यांवर अनुसरला. वजन तर झपाट्यानें उतरलें. पण अतिसार, क्षारांची कमतरता आणि यकृताचा विकार मागें लागला. कित्येकांचीं आंतडीं पुन्हां पूर्ववत् जोडावीं लागलीं, आणि जोडल्यावर वजनही परत आलें. कांट्यापुरतें पाहिलें तर ही शस्त्रक्रिया यशस्वी होती. माणसापुरतें पाहिलें तर नव्हती.

१९६६ सालीं आयोवा विद्यापीठाच्या एडवर्ड मेसन यांनीं निराळी वाट काढली. जठराच्या व्रणासाठीं ज्या स्त्रियांच्या जठराचा भाग काढला जाई, त्यांचें वजन सहसा वाढत नसे, हें त्यांनीं हेरलें होतें. त्यावरून त्यांनीं जठराचा वरचा लहानसा भाग वेगळा करून तो आंतड्यास जोडला. हीच गॅस्ट्रिक बायपासची सुरुवात. १९८० च्या सुमारास त्यांनींच जठरावर पट्टा बसविण्याची अधिक सोपी रीत काढली. परंतु पट्ट्यामुळें घन अन्न अडे, तर गोड पेयें व मऊ पदार्थ सहज खालीं उतरत; त्यामुळें पुष्कळांचें वजन वर्षागणिक परत येऊं लागलें.

नेमकें किती परत येतें, याचा हिशेब स्वीडनमध्यें झाला. १९८७ सालीं तेथें सुरू झालेल्या पाहणींत शस्त्रक्रिया केलेले २०१० व न केलेले २०३७ स्थूल लोक वर्षानुवर्षें तपासले गेले. त्याचा निकाल २००७ सालीं प्रसिद्ध झाला. गॅस्ट्रिक बायपास झालेल्यांचें वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी शेंकडा ३२ नें घटलें. दहा वर्षांनीं ती घट शेंकडा २५ वर येऊन स्थिरावली. जठरास पट्टा घातलेल्या वरील रीतींत हेच आंकडे २५ व १६ होते. मास्तरकीच्या संवयीनें उदाहरण मांडतों: १२० किलोचा मनुष्य ८२ किलोंच्या आसपास उतरतो आणि दहा वर्षांनीं ९० किलोंवर असतो. म्हणजे आठ किलो परत आले. पण तीस किलो गेले ते गेलेच. शस्त्रक्रिया न केलेल्यांचें वजन मात्र जवळजवळ होतें तितकेंच राहिलें. शिवाय त्या अवधींत शस्त्रक्रिया केलेल्यांपैकीं १०१, तर न केलेल्यांपैकीं १२९ जण मरण पावले. आयुष्याच्या हिशेबांत हा फरक लहान म्हणतां येणार नाहीं.

कारणाचाही कांहींसा उलगडा झाला आहे. १९९९ सालीं जपानी शास्त्रज्ञांनीं जठरांतून पाझरणारें, भूक चेतविणारें घ्रेलिन नांवाचें द्रव्य शोधून काढलें. केवळ पथ्यानें वजन उतरविलें तर तें द्रव्य रक्तांत वाढतें, असें २००२ सालीं दिसून आलें. मिनेसोटाच्या त्या तरुणांना इतकी भूक कां लागत होती, याचा थोडा अर्थ येथें लागतो.

हें सर्व मीं त्या मुलीला सांगितलें आणि म्हटलें, “बाळ, कांटा अडणें हा नियम आहे, अपराध नव्हे. तुझ्या डॉक्टरांच्या वहींत हें नवें नाहीं, तेव्हां लाज सोडून त्यांच्याकडे जा. वजन एकाएकीं वाढूं लागलें तर त्यामागें शरीरांतील कारणही असूं शकतें, तें त्यांनाच तपासूं दे. सांगितलेलीं जीवनसत्त्वें व लोह बंद करूं नकोस. जठर लहान केलेल्याला तें जन्मभर पुरवावें लागतें. आणि मला एवढें सांग, तुझा घोडा कोणता?”

क्षणभर तिला कळेना. मग म्हणाली, “मास्तर, मधुमेहाचीं औषधें निम्म्यावर आलीं. आणि तुमचे हे तीन जिने आज मी न थांबतां चढून आलें.”

तिनें निघतांना डॉक्टरांकडे जाण्याचा वार नक्की केला. श्रोतेहो, आपल्या घरांत असें कोणी असेल, तर त्याच्या ताटाकडे पाहून टोमणा मारण्यापूर्वीं हा इतिहास आठवावा, इतकीच विनंति करून आपली रजा घेतों.