मधुमेहाची तपासणी : लक्षणांची वाट का पाहू नये?

मधुमेह शरीरात सुरू होणे आणि तो झाल्याचे रुग्णाला कळणे या दोन घटनांत बहुधा काही वर्षांचे अंतर असते. वारंवार लघवीला होणे, घशाला कोरड पडणे, खाऊनही वजन उतरणे ही सर्वांना ठाऊक असलेली लक्षणे रक्तातील साखर बरीच वाढल्यानंतरच जाणवू लागतात. रक्तशर्करा साधारणपणे १८० मिलिग्रॅमच्या पुढे गेल्याखेरीज मूत्रपिंडे ती लघवीत सोडत नाहीत. निदानाची मर्यादा मात्र त्याच्या बरीच खाली आहे. या मधल्या पट्ट्यात वावरणाऱ्या माणसाला काहीही होत नसते. तो कामावर जातो, प्रवास करतो, लग्नसमारंभात जेवतो आणि आपली प्रकृती ठणठणीत असल्याचे सांगतो. मग एके दिवशी चष्म्याचा नंबर तपासताना, पायाची जखम चिघळल्यावर किंवा हर्नियाच्या शस्त्रक्रियेपूर्वी सहज केलेल्या रक्ततपासणीत साखर सापडते.

तोपर्यंत हानी सुरू झालेली असते. ब्रिटनमध्ये १९७७ साली सुरू झालेल्या आणि १९९८ साली मुख्य निष्कर्ष प्रसिद्ध झालेल्या 'यूकेपीडीएस' या प्रदीर्घ अभ्यासात, दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाचे नुकतेच निदान झालेल्या रुग्णांपैकी जवळपास निम्म्यांमध्ये डोळ्यांचा पडदा, मज्जातंतू, रक्तवाहिन्या यांपैकी कोठे ना कोठे इजेची खूण निदानाच्या दिवशीच आढळली होती. स्वादुपिंडातील इन्शुलिन तयार करणाऱ्या बीटा पेशींची जवळपास निम्मी कार्यशक्तीही तोवर गमावलेली होती. मधुमेहाच्या बाबतीत 'त्रास होईल तेव्हा बघू' हे धोरण महागात पडते ते यामुळेच.

आपल्या देशात ही बाब किती माणसांशी निगडित आहे याचा अंदाज भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 'इंडियाब' सर्वेक्षणावरून येतो. २००८ ते २०२० या काळात देशाच्या सर्व राज्यांत झालेल्या या पाहणीचे एकत्रित निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार प्रौढांमध्ये मधुमेहाचे प्रमाण ११.४ टक्के, म्हणजे सुमारे १० कोटी १० लाख व्यक्ती, आणि पूर्व-मधुमेहाचे प्रमाण १५.३ टक्के, म्हणजे सुमारे १३ कोटी ६० लाख व्यक्ती इतके होते. राज्यांमध्ये सर्वाधिक प्रमाण शेजारच्या गोव्यात, २६.४ टक्के, आढळले.

सडपातळ म्हणजे सुरक्षित नव्हे

'मी काही जाड नाही, मला कशाला मधुमेह होईल' हा युक्तिवाद आपल्याकडे सर्रास ऐकू येतो. त्याला सर्वांत ठोस उत्तर पुण्यातून मिळालेले आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी परिसरातील खेड्यांमध्ये गर्भवती मातांच्या पोषणाचा जो अभ्यास १९९३ पासून केला, त्यातून 'कृश तरीही मेदयुक्त' अशी भारतीय अर्भकाची कल्पना जगापुढे आली. येथील बाळे जन्मतः वजनाने कमी भरतात, मात्र ही तूट प्रामुख्याने स्नायूंत असते. चरबी त्या मानाने टिकून राहते. याच सूत्राचे प्रौढांतील प्रात्यक्षिक २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. डॉ. याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन या दोघांचाही बॉडी मास इंडेक्स २२.३ होता. शरीरातील चरबी मोजली तेव्हा ती डॉ. युडकिन यांच्यात ९.१ टक्के, तर डॉ. याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के निघाली. वजनाचा काटा दोघांना एकच दाखला देत होता, शरीराची जडणघडण निराळे सांगत होती. भारतीयांसाठी जादा वजनाची सीमा २५ ऐवजी २३ धरली जाते आणि पोटाच्या घेराला वजनाइतकेच, किंबहुना अधिक, महत्त्व दिले जाते त्यामागे हेच कारण आहे.

घेराचा उपयोग करणारी एक सोपी गुणपद्धती चेन्नईतील डॉ. व्ही. मोहन आणि सहकाऱ्यांनी २००५ साली मांडली. तिला सुईची गरज नाही. वय ३५ ते ४९ असेल तर २० गुण, ५० वा अधिक असेल तर ३०. पुरुषाची कंबर ९० ते ९९ सेंटिमीटर असल्यास १० आणि १०० वा अधिक असल्यास २० गुण. स्त्रियांसाठी याच पायऱ्या ८० आणि ९० पासून सुरू होतात. आई-वडिलांपैकी एकास मधुमेह असल्यास १०, दोघांनाही असल्यास २०. व्यायाम नाही आणि कामही बैठे असल्यास ३०, यांपैकी एकाची तरी भरपाई होत असल्यास २०, नियमित व्यायाम आणि कष्टाचे काम दोन्ही असल्यास शून्य. बेरीज ६० वा अधिक झाली तर धोका जास्त.

बँकेत काम करणाऱ्या, ४२ वर्षे वयाच्या, ९४ सेंटिमीटर कंबरेच्या, आईला मधुमेह असलेल्या आणि व्यायामाशी संबंध नसलेल्या गृहस्थांचे उदाहरण घेऊ. त्यांची बेरीज ७० होते. त्यांनी नियमित व्यायाम सुरू केला तरी ती ६० वरच थांबते. कंबर ९० च्या आत आणल्यावर मात्र ५० वर येते. (कंबर म्हणजे विजारीचा नंबर नव्हे. सर्वांत खालची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर, पोट आत न ओढता टेप लावायचा असतो.)

तपासणी कोणत्या वयापासून सुरू करावी याविषयीचे मत जगभर अलीकडे सरकत गेले आहे. अमेरिकी मधुमेह संघटनेने पूर्वीची ४५ वर्षांची सीमा २०२२ मध्ये ३५ वर आणली. भारतातील राष्ट्रीय कार्यक्रमात ती ३० आहे. या वयानंतर प्रत्येकाची रक्तदाबाबरोबर साखरही तपासली जावी, अशी व्यवस्था सरकारी आरोग्य केंद्रांमध्ये आहे. बोटातून थेंबभर रक्त घेऊन केलेल्या या चाचणीत साखर १४० वा अधिक निघाली तर रुग्णाला वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे पाठविले जाते. शहरी मध्यमवर्ग या सुविधेकडे फारसा फिरकत नाही. तीच माहिती पॅकेजमधील चाळीस चाचण्यांसोबत विकत घेणे त्याला अधिक विश्वासार्ह वाटते.

तिशीच्या आतही काही जणांनी थांबू नये. वजन जास्त आणि त्यासोबत घरात मधुमेह, उच्च रक्तदाब, स्त्रियांमध्ये बीजांडकोशाचा पीसीओएस हा विकार किंवा मानेवर व काखेत काळसर, मखमली जाड त्वचा असल्यास तपासणी लवकर व्हावी. मानेवरचा हा काळेपणा मळ समजून मुलांची मान घासघासून लाल करणारे पालक आहेत. तो बहुतेकदा इन्शुलिनला शरीर दाद देत नसल्याची खूण असतो. क्षयाचे निदान झालेल्या रुग्णाचीही साखर तपासली जाते, कारण मधुमेहात क्षयाचा धोका वाढतो.

कोणती चाचणी?

प्रचलित चाचण्या तीन. अनशापोटी, म्हणजे किमान आठ तास पाण्याखेरीज काहीही न घेता केलेली रक्तशर्करा प्रति डेसिलिटर १२६ मिलिग्रॅम वा अधिक असल्यास मधुमेह. १०० ते १२५ असल्यास अमेरिकी निकषानुसार पूर्व-मधुमेह. जागतिक आरोग्य संघटना हा पट्टा ११० पासून मोजते. त्यामुळे एकच अहवाल दोन डॉक्टर निराळ्या शब्दांत समजावून सांगतात आणि रुग्ण गोंधळतो. दुसरी चाचणी ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून देऊन दोन तासांनी करतात. यात २०० वा अधिक म्हणजे मधुमेह, १४० ते १९९ म्हणजे पूर्व-मधुमेह. तिसरी चाचणी एचबीएवनसी. तांबड्या पेशींतील हिमोग्लोबिनला किती साखर चिकटली आहे यावरून ती मागील दोन-तीन महिन्यांच्या सरासरीचा अंदाज देते. यात ६.५ टक्के वा अधिक म्हणजे मधुमेह, ५.७ ते ६.४ म्हणजे पूर्व-मधुमेह.

यांपैकी कोणतीही एक सर्वगुणसंपन्न नाही. भारतीयांमध्ये अनशापोटीची साखर ठीक आणि ग्लुकोज घेतल्यानंतरची वाढलेली असे पुष्कळदा आढळते. त्यामुळे केवळ सकाळच्या एका आकड्यावर निर्धास्त होणे बरोबर नाही. एचबीएवनसीला उपाशी राहावे लागत नाही, दिवसाच्या कोणत्याही वेळी रक्त देता येते. तथापि ती तांबड्या पेशींच्या आयुष्यावर अवलंबून आहे. लोहाच्या कमतरतेमुळे झालेल्या रक्तक्षयात तिचा आकडा फसवा वाढू शकतो, तर पेशी लवकर नष्ट होणाऱ्या विकारांत किंवा नुकतेच रक्त चढविलेले असताना तो फसवा कमी येतो. आपल्याकडे स्त्रियांमधील रक्तक्षय आणि विदर्भ, नंदुरबार या भागांतील सिकलसेल यांचे प्रमाण पाहता ही किरकोळ अडचण नव्हे. अशा व्यक्तींनी ग्लुकोजची चाचणीच करावी.

घरातील ग्लुकोमीटर मधुमेहींना रोजच्या नियंत्रणासाठी उपयुक्त आहे. मान्यताप्राप्त यंत्रालाही सुमारे १५ टक्के इकडे-तिकडे होण्याची मुभा असते. त्यावरून संशय घ्यावा, निदान करू नये. लघवीतील साखरेच्या पट्टीचा उपयोग याहून कमी, त्याचे कारण वर आलेच आहे.

'फास्टिंग आणि पीपी' ही जोडी मराठी घरांत रूढ आहे. तिच्यातील पीपी, म्हणजे जेवणानंतर दोन तासांनी घेतलेले रक्त, निदानासाठी काटेकोर मानले जात नाही, कारण प्रत्येकाचे जेवण वेगळे. त्या दिवशी दोन घास कमी खाऊन किंवा भात वगळून आकडा सुधारता येतो. आणि लोक तो सुधारतात! परीक्षेच्या आदल्या आठवड्यात अभ्यास करावा तसे तपासणीच्या चार दिवस आधीपासून गोड बंद आणि सकाळचे फिरणे सुरू होते. वास्तविक ग्लुकोजच्या चाचणीपूर्वी तीन दिवस नेहमीचा, पोळी-भात असलेला आहार आवश्यक आहे. एरवी निकाल विकृत येऊ शकतो. ताप असताना किंवा स्टेरॉइडची औषधे चालू असतानाही ही तपासणी पुढे ढकलणे इष्ट.

घरी येऊन रक्त नेणाऱ्या सेवेबद्दलही एक गोष्ट लक्षात असावी. काढलेल्या रक्तातील पेशी साखर वापरत राहतात. नमुना तसाच राहिला तर दर तासाला साखर ५ ते ७ टक्क्यांनी उतरू शकते. म्हणून साखरेसाठी फ्लोराइड असलेली, बहुधा करड्या झाकणाची नळी वापरतात. तीही ही घसरण तात्काळ थांबवीत नसल्याने नमुना प्रयोगशाळेत लवकर पोहोचणे महत्त्वाचे. रक्त किती वाजता काढले आणि किती वाजता पोहोचले हे विचारण्याचा ग्राहकाला पूर्ण अधिकार आहे.

आकडा जास्त आल्यास घाबरून लगेच औषधे सुरू करण्याचे कारण नाही. लक्षणे स्पष्ट नसतील तर निदानासाठी दोन सदोष निकाल लागतात. ते एकाच नमुन्यातील दोन चाचण्यांचे असोत किंवा वेगवेगळ्या दिवशीचे. निदान पक्के झाल्यावर मात्र डोळ्यांच्या पडद्याची तपासणी, लघवीतील अल्ब्युमिन, रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि पायांची संवेदना एवढे त्याच महिन्यात पाहून घ्यावे.

याचा खरोखर फायदा होतो का?

हा प्रश्न गैर नाही. इंग्लंडमध्ये केंब्रिज परिसरात जास्त धोका असलेल्या सुमारे २० हजार लोकांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१२ साली आले. ज्यांना चाचणीसाठी बोलावले त्या गटात पुढील सुमारे दहा वर्षांत मृत्यूंचे प्रमाण न बोलावलेल्यांपेक्षा कमी झाले नाही. चाळणीच्या उत्साही पुरस्कर्त्यांनी हा निष्कर्ष झाकून ठेवू नये. मात्र ज्या देशात प्रत्येकाला ठरलेला कुटुंब-डॉक्टर असतो आणि साखर अन्य निमित्तानेही तपासली जाते, तेथील अनुभव जसाच्या तसा आपल्याकडे लागू करणे प्रस्तुत लेखकास पटत नाही. शिवाय मृत्यू हे एकच माप नव्हे; दृष्टी आणि मूत्रपिंड वाचणे हेही मापच आहे.

पूर्व-मधुमेहाच्या टप्प्यावरचा पुरावा अधिक भक्कम आहे. अमेरिकेतील २००२ सालच्या प्रयोगात आहार, व्यायाम आणि वजन घटविणे यांमुळे मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी, तर मेटफॉर्मिन या औषधाने ३१ टक्क्यांनी घटले. चेन्नईत डॉ. ए. रामचंद्रन यांनी केलेल्या प्रयोगात (२००६) हेच आकडे अनुक्रमे २८.५ आणि २६.४ टक्के आले. आपल्याकडील फायदा कमी असला तरी तो मोठ्या लोकसंख्येत मिळणारा आहे.

निकाल सर्वसाधारण आल्यास तीन वर्षांनी पुन्हा तपासणी पुरते. धोक्याचे गुण जास्त असल्यास किंवा पूर्व-मधुमेह असल्यास दर वर्षी. धडधाकट माणसाने दर तीन महिन्यांनी एचबीएवनसी करून घेण्यात प्रयोगशाळेखेरीज कोणाचा लाभ नाही. करांच्या जुन्या प्रणालीत प्रतिबंधक आरोग्य तपासणीवर ५,००० रुपयांपर्यंत वजावट मिळते. ३१ मार्चच्या आसपास अशा तपासण्यांना गर्दी होते ती त्यामुळे.

गर्भवतींचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो. भारतात डॉ. व्ही. शेषय्या यांच्या पुढाकाराने रूढ झालेल्या पद्धतीत, उपाशीपोटी असो वा नसो, ७५ ग्रॅम ग्लुकोज देऊन दोन तासांनी रक्त तपासतात आणि १४० वा अधिक आल्यास गर्भावस्थेतील मधुमेह मानतात. पहिल्याच भेटीत ही चाचणी व्हावी आणि ती ठीक आल्यास २४ ते २८ आठवड्यांत पुन्हा. बाळंतपणानंतर साखर बहुधा पूर्ववत होते आणि सारे जण बाळाच्या मागे लागतात. पण अशा स्त्रीला पुढील आयुष्यात मधुमेह होण्याचा धोका इतर मातांच्या तुलनेत सुमारे सात पट असतो. सहा आठवड्यांनी बाळाला लस देण्यासाठी तिला दवाखान्यात यावेच लागते. आईची ग्लुकोज चाचणीही त्याच सकाळी उरकता येते.