वित्त-तंत्रज्ञानातील साइट रिलायबिलिटी अभियांत्रिकी

साइट रिलायबिलिटी अभियांत्रिकी ही मोठ्या संगणक प्रणाली अखंड आणि अचूक चालू ठेवण्याशी संबंधित अभियांत्रिकी शाखा आहे. बँका, शेअर बाजार, विमा कंपन्या आणि डिजिटल देयक सेवा यांच्या प्रणाली सांभाळणे हे वित्त-तंत्रज्ञान क्षेत्रातील तिचे कार्यक्षेत्र होय. हे काम करणाऱ्यास साइट रिलायबिलिटी इंजिनियर किंवा आद्याक्षरांवरून ‘एसआरई’ म्हणतात. सर्वसाधारण संकेतस्थळाच्या बाबतीत सेवा बंद पडणे हेच मोठे अपयश मानले जाते. पैशांच्या प्रणालीत मात्र चुकीच्या रीतीने चालू राहिलेली सेवा बंद पडलेल्या सेवेपेक्षा अधिक घातक ठरू शकते. या कामाचे वेगळेपण मुख्यतः यातूनच आले आहे.

उगम

ही संकल्पना २००३ मध्ये गूगल कंपनीत बेंजामिन ट्रेनॉर स्लॉस यांच्या नेतृत्वाखाली रूढ झाली. त्यापूर्वी सॉफ्टवेअर लिहिणारे आणि ते चालवणारे असे दोन वेगळे गट असत व त्यांची उद्दिष्टे परस्परविरोधी असत. पहिल्याला सतत बदल हवे असत, तर दुसऱ्याला स्थैर्य. प्रणाली चालवण्याचे काम सॉफ्टवेअर अभियंत्यांकडेच द्यावे आणि त्यांचा निम्म्याहून अधिक वेळ हाताने करायच्या पुनरावर्ती कामात जाऊ नये, असा दंडक गूगलने घातला. या पद्धतीवरील गूगलच्या अभियंत्यांचे पुस्तक २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. वित्तक्षेत्रात पद नवे असले तरी काम अगदीच नवे नाही. दिवसअखेरचे हिशेब रात्रीतून पूर्ण करून सकाळी शाखा उघडण्यापूर्वी प्रणाली तयार ठेवणारे संगणक विभाग बँकांमध्ये पूर्वीपासून होते.

विश्वसनीयतेचे मोजमाप

सेवा किती टक्के वेळ उपलब्ध राहावी याचे उद्दिष्ट आधी ठरवले जाते. ९९.९ टक्के उद्दिष्ट असल्यास ३० दिवसांत सुमारे ४३ मिनिटे, तर ९९.९९ टक्के असल्यास केवळ ४ मिनिटे १९ सेकंद सेवा बंद राहिलेली चालते. या मुभेला ‘एरर बजेट’ म्हणतात. ती संपली की नव्या सुविधा थांबवून दुरुस्तीला प्राधान्य द्यावे, असा संकेत आहे.

पैशांच्या व्यवहारांत हा हिशेब अपुरा पडतो. एक तर सर्व मिनिटे सारख्या मोलाची नसतात. सकाळी सव्वानऊला शेअर बाजार उघडतानाचे एक मिनिट आणि पहाटे तीनचे एक मिनिट यांची तुलना होत नाही. दुसरे म्हणजे, दहा लाखांतील एक चित्रफीत न उघडल्यास प्रेक्षक ती पुन्हा लावतो. परंतु दहा लाखांतील एका खात्यातून दोनदा रक्कम वजा झाल्यास ती टक्केवारीत बसवून सोडून देता येत नाही.

अर्धवट व्यवहारांचा प्रश्न

युनिफाइड पेमेंट्स इंटरफेस अर्थात यूपीआयवरील एका देयकात पैसे देणाऱ्याची बँक, घेणाऱ्याची बँक, दोघांची ॲप्स आणि मध्यवर्ती नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया अर्थात एनपीसीआय असे अनेक दुवे असतात. पहिल्या खात्यात रक्कम नावे पडली, पण दुसऱ्या खात्यात जमा झाल्याचे उत्तर ठरलेल्या वेळेत आले नाही, तर तो व्यवहार यशस्वीही नसतो आणि अयशस्वीही. अशा वेळी प्रणालीने सरळ पुन्हा प्रयत्न केल्यास पैसे दोनदा जाण्याचा धोका असतो. म्हणून प्रत्येक व्यवहाराला स्वतंत्र क्रमांक दिला जातो. तोच क्रमांक पुन्हा आल्यास काम नव्याने न करता आधीचेच उत्तर परत द्यायचे, या गुणधर्माला ‘आयडेम्पोटन्सी’ म्हणतात. तरीही उरणारी तफावत दोन्ही बाजूंच्या नोंदींचा ताळमेळ घालून शोधली जाते. जमा आणि नावे यांची बेरीज जुळलीच पाहिजे, ही द्विनोंदी पद्धतीची जुनी अट येथे दोष पकडण्याचे सर्वांत भरवशाचे साधन ठरते.

भारतीय रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार, यूपीआयने व्यक्तीला पाठवलेली रक्कम पोहोचली नाही तर ती व्यवहारानंतरच्या एका दिवसात परत करावी लागते. व्यापाऱ्याच्या देयकांसाठी ही मुदत पाच दिवसांची आहे. त्यापुढील प्रत्येक दिवसाला ग्राहकास १०० रुपये भरपाई द्यावी लागते.

पुनर्प्रयत्नांचा अतिरेकही प्रणाली कोलमडवू शकतो. एप्रिल २०२५ मध्ये यूपीआय विस्कळीत झाले, तेव्हा व्यवहारांची स्थिती वारंवार विचारणाऱ्या संदेशांचा भार हे त्यामागील एक कारण होते. त्यानंतर अशा विचारणांवर निर्बंध आले. १ ऑगस्ट २०२५ पासून खात्यातील शिल्लक एका ॲपवर दिवसातून ५० वेळाच पाहता येते.

उल्लेखनीय घटना

नाइट कॅपिटल : १ ऑगस्ट २०१२ रोजी या अमेरिकी दलाली कंपनीने नवे सॉफ्टवेअर वापरात आणले. आठपैकी एका सर्व्हरवर ते चढवायचे राहून गेले होते. त्या सर्व्हरवर वर्षानुवर्षे न वापरलेला जुना भाग शिल्लक होता, आणि नव्या कामासाठी वापरलेल्या खुणेने तोच जागा झाला. सुमारे ४५ मिनिटांत १५४ समभागांमध्ये चाळीस लाखांहून अधिक सौदे झाले आणि कंपनीला ४६ कोटी डॉलरच्या आसपास तोटा झाला. बाजार उघडण्यापूर्वी दोषाचा उल्लेख असलेले ९७ स्वयंचलित ई-मेल कर्मचाऱ्यांना गेले होते. परंतु ते धोक्याचा इशारा म्हणून रचलेले नव्हते. गोंधळात उरलेल्या सात सर्व्हरवरील नवे सॉफ्टवेअर काढून टाकल्याने तेथेही जुना भाग कार्यान्वित झाला व परिस्थिती आणखी बिघडली. या संपूर्ण काळात प्रणाली तांत्रिक अर्थाने ‘चालू’ होती. पुढे अमेरिकी नियामकाने कंपनीस १ कोटी २० लाख डॉलरचा दंड केला.

राष्ट्रीय शेअर बाजार : २४ फेब्रुवारी २०२१ रोजी दूरसंचार जोडण्यांतील बिघाडामुळे मुंबईतील या बाजाराची जोखीम नियंत्रण प्रणाली अनुपलब्ध झाली. ११ वाजून ४० मिनिटांनी व्यवहार थांबवण्यात आले आणि ते दुपारी पावणेचारला पुन्हा सुरू होऊन पाच वाजेपर्यंत चालले. जोखीम मोजता येत नसताना सौदे रोखणे योग्यच होते. टीका झाली ती पर्यायी केंद्रावर कामकाज न हलवल्याबद्दल. २ मार्च २०२४ रोजी शनिवारी बाजाराने विशेष सत्र घेऊन प्रत्यक्ष सौदे चालू असलेल्या दिवशी मुख्य केंद्रावरून पर्यायी केंद्रावर जाण्याचा सराव केला.

कामाचे स्वरूप

अभियंते आळीपाळीने ‘ऑन-कॉल’ असतात. इशारा मिळताच काही मिनिटांत प्रतिसाद देणे अपेक्षित असते. घटनेनंतर व्यक्तीला दोष न देता कारणमीमांसा करणारा अहवाल लिहिला जातो. नियंत्रित संस्थांमध्ये मात्र एकाने केलेला बदल दुसऱ्याने तपासून मंजूर करावा लागतो आणि ग्राहकांच्या नोंदींना एकट्याने हात लावता येत नाही. रात्री दोन वाजता प्रत्येक मिनिटाला व्यवहार अडकत असताना हा नियम जाचक वाटतो; परंतु घाईत केलेली दुरुस्ती मूळ बिघाडापेक्षा महाग पडू शकते, हे नाइट कॅपिटलच्या उदाहरणात दिसते.

भारतात मुंबई, पुणे, बेंगळुरू आणि हैदराबाद येथे अशा नोकऱ्या प्रामुख्याने आढळतात. परदेशी बाजारांसाठी काम करणाऱ्यांचा दिवस तेथील घड्याळाप्रमाणे चालतो. न्यूयॉर्कचा बाजार उघडतो तेव्हा भारतात ऋतुमानानुसार संध्याकाळचे सात किंवा आठ वाजलेले असतात. या पदावर बहुधा संगणक अभियांत्रिकीचे पदवीधर येतात. लिनक्स, संगणक जाळी, डेटाबेस आणि पायथन किंवा गो यांसारखी एखादी भाषा त्यांना अवगत असावी लागते. हिशेबशास्त्र त्यांच्या अभ्यासक्रमात सहसा नसते. ते कामावरच शिकावे लागते.