औषध कारखान्यांचे सांडपाणी आणि प्रतिजैविकांना दाद न देणारे जीवाणू

प्रतिजैविकांचा अतिवापर म्हटले की डॉक्टरांची चिठ्ठी, अर्धवट सोडलेल्या गोळ्या आणि कोंबड्यांचे खाद्य आठवते. गोळी ज्या कारखान्यात तयार होते, तिथल्या सांडपाण्याकडे मात्र बराच काळ कोणाचे लक्ष नव्हते. ते वेधले स्वीडनमधील गॉथेनबर्ग विद्यापीठातील पर्यावरणीय औषधशास्त्राचे प्राध्यापक योआकिम लार्सन यांनी.

लार्सन आणि सहकाऱ्यांनी हैदराबादजवळच्या पटणचेरू येथील सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्रातून बाहेर पडणारे पाणी तपासले. सुमारे ९० औषध कारखान्यांचे सांडपाणी तिथे येत असे. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, प्रक्रिया केलेल्या या पाण्यात सिप्रोफ्लॉक्सासिनचे प्रमाण लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत होते. औषध घेणाऱ्या रुग्णाच्या रक्तातही ते इतके नसते. दिवसाला अंदाजे ४५ किलो औषध वाहून जात होते, म्हणजे तेव्हाच्या ९० लाख लोकसंख्येच्या स्वीडनला पाच दिवस पुरेल इतके. विकण्याजोगा माल नाल्यात जात होता, हेही नवलच.

असे पाणी धोकादायक ठरते ते निवडीमुळे. औषधाने साधे जीवाणू मरतात. ज्यांच्याकडे प्रतिरोधाची जनुके आहेत ते तगतात आणि मोकळी जागा व्यापतात. शिवाय यांतली बरीच जनुके प्लाझ्मिड नावाच्या सुट्या डीएनए-वलयांवर असतात. एक जीवाणू ती दुसऱ्याला देऊ शकतो, दुसरा वेगळ्या जातीचा असला तरी. त्यामुळे तळ्यातल्या निरुपद्रवी जीवाणूंकडची जनुके पुढे रोगजंतूंपर्यंत पोहोचू शकतात. याच परिसरातील एका प्रदूषित तळ्यात प्रतिरोधी जनुके स्वीडनमधल्या तळ्याच्या सुमारे ७,००० पट आढळल्याचे २०१४मध्ये लार्सन यांच्या गटाने दाखवले.

मग पाण्यात किती औषध चालेल? २०१६ साली योहान बेंगट्सन-पाल्म आणि लार्सन यांनी १११ प्रतिजैविकांसाठी अंदाजित सुरक्षित मर्यादा मांडल्या. सिप्रोफ्लॉक्सासिनसाठी ती लिटरमागे ०.०६४ मायक्रोग्रॅम आहे. पटणचेरूचा आकडा याच्या साधारण ४.८ लाख पट होतो.

भारत सरकारने जानेवारी २०२०च्या मसुद्यात सांडपाण्यातील प्रतिजैविकांच्या अंशांवर मर्यादा सुचवल्या होत्या. तारापूर, महाडसारख्या आपल्याकडच्या औद्योगिक वसाहतींनाही त्या लागू झाल्या असत्या. ऑगस्ट २०२१च्या अंतिम नियमांत त्या राहिल्या नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने सप्टेंबर २०२४मध्ये प्रतिजैविकनिर्मितीतील सांडपाणी व घनकचऱ्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, पण त्या बंधनकारक नाहीत.

दोष एकट्या कारखानदाराचाही नाही. युरोपातील औषध दुकानांत मिळणाऱ्या अनेक गोळ्यांचे मूळ द्रव्य भारतातून वा चीनमधून जाते आणि खरेदी बहुधा सर्वांत कमी दर पाहून होते. सांडपाणी शुद्ध करण्याचा खर्च त्या दरात बसवायला कोणी तयार नसते. म्हणूनच सरकारी खरेदीच्या अटींत सांडपाण्याची अटही असावी, असा आग्रह आता धरला जातो. स्वीडन, नॉर्वे यांसारख्या देशांनी तशी सुरुवातही केली आहे.