छप्पनिया आणि खेजडी

मांजींच्या सासूनं खेजडीची साल खाऊन दुष्काळ काढला होता. विक्रम संवत 1956, म्हणजे 1899-1900. राजस्थानात तो काळ अजूनही ‘छप्पनिया’ म्हणून ओळखला जातो. जयपूरमधल्या सोडाल्याच्या आमच्या अंगणात धान्य निवडता निवडता शेजारच्या मांजी ते सांगायच्या आणि आजीचे हात थांबायचे. साल सोलायची, वाळवायची, दळायची आणि मूठभर बाजरीचं पीठ मिसळून रोट्या थापायच्या. ढोरं तोवर गेलेली. शेखावाटीतल्या त्यांच्या सासरी सोललेल्या बुंध्यांवरचे व्रण पुढं कित्येक वर्षं दिसत.

आजीला हे झाड परकं नव्हतं. जयपूरला आल्यावरच्या पहिल्या दसऱ्याला आपट्याची पानं कुठंच मिळेनात, तेव्हा मांजी तिला कोपऱ्यावरच्या खेजडीपाशी घेऊन गेल्या. बारीक पानं, काटे बघून आजी म्हणाली, “अहो, ही तर आमची शमी!” पांडवांनी अज्ञातवासात शस्त्रं लपवली ते हेच झाड, आणि विराटाची नगरी म्हणून दाखवतात ते बैराटही जयपूरच्या उत्तरेलाच. तेव्हापासून आमच्या घरी सोनं लुटलं जाई ते खेजडीचं.

झाडाचं वर्षभराचं गणित मांजींना तोंडपाठ होतं. हिवाळ्यात फांद्या छाटायच्या: वाळलेला पाला, म्हणजे लूंग, शेळ्या-उंटांना, लाकूड चुलीला, काटेरी डहाळ्या कुंपणाला. उन्हाळ्यात कोवळ्या शेंगा, सांगरी. झाडावरच पिकल्या तर त्यांचे गोड खोखे होत, त्यांवर पोरं तुटून पडत. मुळं इतकी खोल की पाऊस रुसला तरी पाला हिरवा. शेतातली खेजडी शेतकरी सहसा काढत नाही. तिच्या पायथ्याशी बाजरी जोमानं येते.

सांगरी रात्रभर भिजवून उकडायची आणि केर नावाच्या रानफळांसोबत तेलात परतायची. आजी तिला गोडा मसाला घाली. आज वाळलेली सांगरी हजार रुपये किलोच्या वर जाते, लग्नाच्या पंगतीत मानानं वाढतात. वाढताना कुणी सालीच्या रोटीची गोष्टही सांगावी, असं मला मनापासून वाटतं.

1730 साली जोधपूरजवळच्या खेजडलीत अमृतादेवींसह बिश्नोई पंथाच्या 363 जणांनी ही झाडं तोडली जाऊ नयेत म्हणून प्राण दिले. 1983 मध्ये खेजडी राज्यवृक्ष झाली. तरी बिकानेरकडे सौरप्रकल्पांसाठी तिच्यावर करवती चालल्या आणि लोकांना धरणं धरावं लागलं. मी त्या लोकांच्या बाजूची आहे. विजेसाठी शहरांची छपरं वापरता येतील. शेळीला आणि माणसाला दुष्काळात तगवणारी खेजडी वाढायला मात्र दशकं लागतात.