मुक्तस्रोत सॉफ्टवेअर आणि मराठीसाठी स्वयंसेवा : सभासदांसाठी माहिती

संगणकावर मराठी निवडून पाहिली आणि दोन दिवसांत पुन्हा इंग्रजीवर गेलो, असे आपल्या मंडळातले पुष्कळ सभासद सांगतात. कारण विचारले तर उत्तर बहुधा एकच येते : "तिथली मराठी कळत नाही हो." जन्मभर घरात मराठी बोलणाऱ्या माणसाला पडद्यावरची मराठी कळू नये, ही तक्रार खरी आहे. मात्र ही मराठी लिहिते कोण, याची चौकशी क्वचितच होते. मोठ्या कंपन्या हे काम पगारी माणसांकडून करून घेतात. परंतु फायरफॉक्स, लिबरऑफिस, विकिपीडिया अशा मुक्तस्रोत साधनांच्या बाबतीत ते मुख्यतः स्वयंसेवक करतात. या कामात नवख्या सभासदालाही भाग घेता येतो. ते कसे चालते, हे आमच्या लहानशा गटाला जेवढे समजले तेवढे येथे एकत्र दिले आहे.

मुक्तस्रोत म्हणजे काय

सॉफ्टवेअर म्हणजे संगणकासाठी लिहिलेल्या सूचना. या सूचनांचा मूळ मजकूर म्हणजे त्याचा 'स्रोत'. एरवी कंपन्या हा मजकूर स्वतःजवळ ठेवतात. मुक्तस्रोत सॉफ्टवेअरमध्ये तो कोणालाही पाहता येतो, वापरता येतो, बदलता येतो आणि पुढे देता येतो. ही मुभा परवान्यात लेखी दिलेली असते.

या विचाराची सुरुवात अमेरिकेत झाली. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये 'ग्नू' प्रकल्प जाहीर केला आणि १९८५ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन स्थापन केले. १९९१ मध्ये फिनलंडमधील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यांनी 'लिनक्स' सर्वांसाठी खुले केले. आज अँड्रॉइड फोनच्या मुळाशी हेच लिनक्स आहे. 'ओपन सोर्स' हा शब्दप्रयोग १९९८ पासून रूढ झाला. फायरफॉक्सची पहिली आवृत्ती २००४ मध्ये आली, तर लिबरऑफिसचा प्रकल्प २०१० मध्ये सुरू झाला. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी, म्हणजे महाराष्ट्र दिनी सुरू झाला. तो ज्या मीडियाविकी सॉफ्टवेअरवर चालतो तेही मुक्तस्रोतच आहे.

प्रोग्रॅमिंग येत नसले तरी चालते

हे काम इंजिनिअर मुलांचे, असा आमचाही समज होता. तो चुकीचा निघाला. प्रोग्रॅम लिहिणे हा कामाचा एक भाग झाला. भाषांतर, तपासणी, चुका कळवणे, मदतीची पाने लिहिणे आणि नवीन माणसाला शिकवणे हे बाकीचे भाग आहेत, आणि या सगळ्यांसाठी चांगली मराठी व थोडी चिकाटी पुरते.

बँकेत काम केलेल्यांना तर ही पद्धत ओळखीची वाटेल. एकाने नोंद करायची, दुसऱ्याने तपासून मंजूर करायची, ज्याला आपण 'मेकर-चेकर' म्हणत असू, तोच नियम येथेही आहे. नवीन स्वयंसेवकाने केलेले भाषांतर आधी 'सुचवलेले' म्हणून राहते. जुना, विश्वासातला कार्यकर्ता ते पाहून मान्य करतो किंवा कारण देऊन परत पाठवतो. कोणी काय व केव्हा बदलले याची नोंद कायम राहते.

या तपासणीचे महत्त्व आम्हाला लवकरच कळले. आवाजाच्या सेटिंगमधला 'बॅलन्स' हा शब्द आमच्यापैकी एकाने सवयीप्रमाणे 'शिल्लक' असा केला. तो शब्द डाव्या आणि उजव्या स्पीकरमधल्या समतोलाबद्दल होता. तपासणाऱ्याने चूक पकडली, नाही तर कित्येकांच्या संगणकावर आवाजाची शिल्लक दिसली असती! तेव्हापासून शब्द कोणत्या जागी येतो हे पाहिल्याशिवाय भाषांतर करायचे नाही, असा नियम आम्ही केला.

मराठीच्या खास अडचणी

इंग्रजी वाक्याच्या जागी मराठी वाक्य ठेवले की काम झाले, असे होत नाही. पुढील गोष्टी पहिल्या दिवसापासून लक्षात ठेवाव्या लागतात.

१. सामान्यरूप : कित्येक वाक्यांत गावाचे किंवा फाइलचे नाव संगणक आयत्या वेळी भरतो. भाषांतरकाराने '-मध्ये' किंवा '-त' लिहून ठेवले तर पडद्यावर 'बडोदेत' किंवा 'पुणेमध्ये' असे दिसते. आपण म्हणतो 'बडोद्यात', 'पुण्यात'. संगणकाला सामान्यरूप करता येत नाही, म्हणून वाक्यच असे रचावे लागते की प्रत्यय नावाला चिकटू नये. उदाहरणार्थ, 'पुणे येथे'.

२. लिंग : वाचणारा पुरुष आहे की स्त्री, हे संगणकाला ठाऊक नसते. 'तुम्ही विसरलात का?' हे दोघांनाही चालते, 'तू विसरलास का?' चालत नाही. 'तुम्ही' आणि आदरार्थी क्रियापद ठेवले की बहुतेक अडचणी सुटतात, आणि अनोळखी माणसाशी आपण तसेच बोलतो.

३. वचन : '१ चूक' आणि '२ चुका' अशी दोन रूपे वेगवेगळी भरावी लागतात. 'संदेश' सारख्या शब्दाची दोन्ही रूपे सारखी असली तरी दोन्ही जागा भरायच्याच.

४. अक्षरे : 'आचाऱ्यांना जेवण द्या' आणि 'आचार्यांना जेवण द्या' यांत केवढा फरक आहे, हे आपल्याला सांगायला नको. 'दऱ्या' आणि 'दर्या' यांचेही तसेच. युनिकोडमध्ये या दोन्ही प्रकारच्या 'र'ची सोय आहे, पण फॉन्ट किंवा कळफलक सदोष असेल तर ते नीट उमटत नाहीत. 'ॲ' या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान २००८ मध्ये मिळाले. मराठी वळणाचे 'ल' आणि 'श' दिसतात की हिंदी वळणाचे, हे फॉन्टवर अवलंबून असते. हे दोष मराठी वाचणाऱ्या माणसाच्याच नजरेला येतात.

५. शब्दांची निवड : 'सेव्ह' साठी 'जतन करा', 'साठवा' की 'सेव्ह करा'? यावर वाद होतात, आणि व्हावेत. एका साधनात एका अर्थाला एकच शब्द, एवढे पथ्य मात्र पाळावे लागते. त्यासाठी प्रत्येक गट आपली शब्दसूची ठेवतो.

बडोदेकरांना शब्दसूचीचे काम नवे वाटायला नको. सयाजीराव महाराजांच्या काळात, १९३१ मध्ये, येथूनच 'श्रीसयाजी शासन शब्दकल्पतरु' हा कोश निघाला. राज्यकारभारातल्या इंग्रजी शब्दांना गुजराती, मराठी, संस्कृत, हिंदी आदी भाषांतले प्रतिशब्द त्यात आहेत. लोकांचे काम लोकांना कळेल अशा शब्दांत चालावे, हाच त्यामागचा हेतू होता. आज कारभार पडद्यावर आला आहे, तेवढाच फरक.

आवाज आणि जुनी पुस्तके

भाषांतराशिवाय आणखी दोन कामे ज्येष्ठांना जमण्यासारखी आहेत.

पहिले, आवाज देणे. मोझिला संस्थेने २०१७ मध्ये 'कॉमन व्हॉइस' हा उपक्रम सुरू केला. संगणकाला बोललेले समजावे म्हणून लोकांनी वाचलेली वाक्ये त्यात जमा होतात आणि ती कोणालाही विनामूल्य वापरता येतात. इतर लोक ती ऐकून बरोबर की चूक ते सांगतात. मराठीचाही त्यात समावेश आहे. बडोदे, इंदूर, बेळगाव येथल्या मराठीची ढब वेगळी आहे. ती तिथे पोहोचली नाही, तर आपल्या आजीचे बोलणे यंत्राला समजणार नाही. मात्र एकदा दिलेला आवाज सार्वजनिक होतो आणि जगभर पोहोचलेल्या प्रती परत घेता येत नाहीत. म्हणून घरच्यांशी बोलून मगच निर्णय घ्यावा.

दुसरे, विकिस्रोत. येथे जुन्या पुस्तकांच्या पानांचे फोटो पाहून मजकूर शुद्ध करतात. एकाने पान तपासले की ते पिवळे होते आणि दुसऱ्या व्यक्तीने पुन्हा तपासले की हिरवे. भारतात लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षे स्वामित्वहक्क असतो. त्यामुळे ज्यांचा हक्क संपला आहे अशीच पुस्तके घ्यावीत. बडोद्यात छापलेली जुनी मराठी पुस्तके आपल्यापैकी कोणाच्या माळ्यावर असतील, तर रद्दीत देण्यापूर्वी मंडळाला दाखवावीत.

चूक कशी कळवावी

'चालत नाही' एवढे लिहून उपयोग होत नाही. चार गोष्टी लिहाव्यात : आपण काय केले, काय व्हायला हवे होते, प्रत्यक्षात काय झाले आणि सॉफ्टवेअरची आवृत्ती कोणती. जमल्यास पडद्याचा फोटो जोडावा. एका पत्रात एकच तक्रार असावी.

काही पथ्ये

यंत्राने केलेले भाषांतर न वाचता चिकटवू नये. ते दुरुस्त करण्यात तपासणाऱ्याचा दुप्पट वेळ जातो. छापील कोशातल्या व्याख्या जशाच्या तशा उतरवू नयेत. आपले भाषांतर परत आले तर मनाला लावून घेऊ नये. आमची पहिली बरीच वाक्ये परत आली होती. नाव नोंदवायला बहुधा ईमेल आणि टोपणनाव पुरते. आधार क्रमांक, बँकेची माहिती, ओटीपी किंवा पैसे कोणी मागितले, तर ते स्वयंसेवेचे काम नव्हे असे समजून तिथेच थांबावे.

गटाने केलेले काम टिकते

एकट्याने सुरू केलेले काम बहुधा एकट्याच्या उत्साहाबरोबर संपते. केरळमध्ये 'स्वतंत्र मलयाळम कम्प्युटिंग' हा स्वयंसेवकांचा गट २००२ पासून काम करतो आहे. मलयाळमसाठी फॉन्ट आणि इतर साधने त्याने तयार केली व सांभाळली. मराठीसाठी असे काम पुण्यामुंबईचे लोक करतीलच, असे म्हणून आपण बाजूला राहू नये. तिथल्या मुलांना रस्त्यावरच्या पाट्यांवरही मराठी दिसते. आपली मुले शाळेत गुजराती किंवा इंग्रजी वाचतात. मराठी वाचण्याच्या त्यांच्या जागा घर, मंडळ आणि हातातला पडदा एवढ्याच आहेत. पडद्यावरचे भाषांतर मागे पडले की नवीन आवृत्तीतली वाक्ये इंग्रजीत दिसू लागतात. अर्धे मराठी, अर्धे इंग्रजी असा पडदा मूल एक दिवस सहन करते आणि दुसऱ्या दिवशी भाषा बदलते.

सुरुवात लहान करावी. आठवड्यातून एक तास आणि एका बैठकीत दहा वाक्ये पुरेत. घरात नातू किंवा सून संगणक जाणणारी असेल तर तिने तांत्रिक बाजू पाहावी आणि आजी-आजोबांनी मराठी पाहावी. आमच्या गटात ही जोडी सर्वांत चांगली चालते. नातवाला शब्द मिळतात, आजोबांना संगणक येतो. ज्यांना यायचे असेल त्यांनी मंडळाच्या कार्यालयात नाव द्यावे. येताना, संगणकावर किंवा मोबाइलवर वाचलेले आणि न कळलेले एक मराठी वाक्य कागदावर लिहून आणावे. पहिल्या बैठकीचे काम त्यावरूनच सुरू करू.