दुसरी प्रत

गेले चार-पाच महिने आमच्या घरात एक होडी तयार होते आहे. घाबरू नका, अंगणात फळ्या आणि खिळे पडलेले नाहीत. होडी संगणकाच्या पडद्यावर आहे. आमचा धाकटा नातू घरबसल्या दूरशिक्षणानं होड्यांच्या आराखड्यांचा अभ्यासक्रम करतो आहे. नारायणगावात, जिथे हंगामात पहाटेपासून टोमॅटोच्या गाड्यांची रीघ लागते आणि समुद्राच्या वाटेत अख्खा सह्याद्री आडवा उभा आहे, तिथे बसून होडीचा अभ्यास! आमच्या हिनं तर पहिल्याच दिवशी विचारलं, "मग ही सोडणार कुठं, येडगावच्या धरणात?"

त्याच्याबरोबर शिकणारी मुलं जागोजागी विखुरलेली आहेत. कुणी रत्नागिरीचा, एक मुलगी कोचीची, एक जण मस्कतला नोकरी करणारा. दर पंधरा दिवसांनी सगळ्यांनी आपापले आराखडे एकमेकांपुढे ठेवायचे आणि दुसऱ्याच्या कामातल्या चुका काढायच्या असा तिथला रिवाज. परवा त्याची पाळी होती आणि स्वारी जरा गप्प गप्प होती. विचारलं तर म्हणाला, "आजोबा, मी फक्त रंगीत चित्र पाठवतोय. रेषा नाही पाठवत. चार महिने राबून काढल्यात, कुणी उचलल्या तर?"

रंगीत चित्र म्हणजे संगणकानं काढलेलं होडीचं देखणं रूप. निळं पाणी, त्यावर ऊन, पांढरीशुभ्र होडी. अगदी फोटो वाटावा असं. आणि रेषा म्हणजे खरा आराखडा. होडी एकदा बाजूनं, एकदा वरून आणि एकदा समोरून अशी तीनदा काढायची. दोन्ही बाजू सारख्या असल्यामुळे वरून पाहताना अर्धीच रुंदी काढतात. समोरच्या आकृतीत एका अर्ध्यात नौकेचा पुढचा भाग आणि दुसऱ्या अर्ध्यात मागचा. या तिन्ही आकृत्यांतली मापं एकमेकांशी जुळली तरच त्या आकाराची होडी बांधता येते. हे सगळं मला त्यानंच शिकवलं. मी आपला इतिहास आणि मराठी शिकवणारा माणूस.

पण त्याचं बोलणं ऐकून मला इतिहासातलीच एक गोष्ट आठवली. त्याला सांगितली, आता तुम्हालाही सांगतो.

१७८२ साली इंग्रजांनी 'हेबे' नावाची एक फ्रेंच लढाऊ नौका पकडली. तिचा आराखडा होता झाक-नोएल साने या फ्रेंच रचनाकाराचा. नौका इंग्रजांना इतकी आवडली की त्यांनी तिची मापं घेऊन तिच्या रेषा कागदावर उतरवल्या आणि त्यावरून 'लीडा' नावाची नौका बांधली. ती १८०० साली पाण्यात उतरली. पुढे त्याच घाटाच्या चाळीसहून अधिक नौका झाल्या. साने यांना कुणी विचारलं नव्हतं, हे उघड आहे. शत्रूनं केलेली नक्कल होती ती!

पुढे नेपोलियनशी चाललेल्या युद्धामुळे इंग्लंडला ओक लाकडाची चणचण भासू लागली. मलबारचं सागवान मात्र टिकाऊ, आणि ते घडवणारे हात मुंबईत होते. लवजी नसरवानजी वाडिया १७३५-३६ च्या सुमारास सुरतेहून मुंबईला आले, तेव्हापासून गोदीतलं जहाजबांधणीचं काम त्यांच्या घराण्याकडे होतं. त्यांचे नातू जमशेटजी बमनजी यांनी बांधलेली 'मिंडेन' ही मोठी युद्धनौका १८१० साली मुंबईत पाण्यात उतरली. ब्रिटनबाहेर बांधलेली इंग्रज आरमाराची त्या दर्जाची ती पहिली नौका. तेव्हा 'लीडा'च्या घाटाची एक नौका मुंबईत बांधायची असं ठरलं आणि ऑक्टोबर १८१२ मध्ये तसा हुकूम निघाला.

आता आराखडा मुंबईला पोचवायचा कसा? जहाजानं, आफ्रिकेला वळसा घालून. त्या काळी त्या वाटेनं यायला चार ते सहा महिने लागत. दीडशे फुटी नौका, फुटाला पाव इंच या प्रमाणात काढली तर तीन फुटांहून थोड्या लांब कागदात मावते. तो कागद 'जावा' नावाच्या लढाऊ नौकेवर चढवला गेला. त्याबरोबर मुंबईत बांधल्या जाणाऱ्या जहाजांसाठी तांब्याचे पत्रेही होते. आणि मुंबईला मोठ्या हुद्द्यावर निघालेले सर थॉमस हिस्लॉप नावाचे सेनानीही होते. गंमत म्हणजे ही 'जावा' सुद्धा मूळची फ्रेंच, इंग्रजांनी जिंकून घेतलेली.

त्याच वर्षी इंग्लंड आणि अमेरिकेचं युद्ध जुंपलं होतं. २९ डिसेंबर १८१२ रोजी ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ 'जावा'ची गाठ अमेरिकेच्या 'कॉन्स्टिट्यूशन'शी पडली. 'जावा'ची दुर्दशा झाली, कप्तान लँबर्ट जखमी होऊन पुढे मरण पावले. नौका इतकी खिळखिळी झाली होती की अमेरिकनांनी ती ओढून न नेता पेटवून दिली. मुंबईला निघालेला आराखडा मुंबईला पोचलाच नाही.

हिस्लॉप साहेब मात्र वाचले. हेच ते, ज्यांनी २१ डिसेंबर १८१७ ला महिदपूरच्या लढाईत होळकरांचा पराभव केला. इतिहासाचे धागे कुठून कुठे जातात पहा!

आता मुद्द्याची गोष्ट. आराखडा गेला, पण काम बंद पडलं नाही. वेळ गेला एवढंच. इंग्लंडहून दुसरी प्रत पाठवण्यात आली. १८१६ साली मुंबईत नौकेचा तळाचा कणा बसवला, पारशी रिवाजाप्रमाणे त्यात चांदीचा खिळा ठोकला, आणि १२ ऑक्टोबर १८१७ रोजी 'ट्रिंकोमाली' पाण्यात उतरली. त्यानंतर चोवीसच दिवसांनी, ५ नोव्हेंबरला, खडकीची लढाई झाली. आणि १७ नोव्हेंबरला शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण लागलं. मी वर्षानुवर्षं वर्गात खडकीची लढाई शिकवली, पण त्याच सुमारास घाटाखाली काय घडत होतं हे कधी जोडून सांगितलं नाही. कारण मलाच ते माहीत नव्हतं.

'ट्रिंकोमाली' आजही पाण्यावर तरंगते आहे. इंग्लंडमध्ये हार्टलपूल या गावी ती जपून ठेवली आहे. मधल्या काळात तिनं 'फूद्रॉयाँ' या नावानं १९८६ पर्यंत मुलामुलींना दर्यावर्दी शिक्षण देण्याचं काम केलं. म्हणजे आमच्याच पेशातली! तिचा नकाशा हिरावून घेणारी 'कॉन्स्टिट्यूशन' सुद्धा बोस्टनला अजून उभी आहे.

आता याच्या उलट बाजू. फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गावर तुळाजी आंग्र्यांचं आरमार जळालं. इंग्रजांच्या तोफांनी एका जहाजाला आग लागली आणि नांगरून ठेवलेली जहाजं एकामागून एक पेटत गेली. (त्या मोहिमेत नानासाहेब पेशवे इंग्रजांच्या बाजूनं होते, हे शिकवताना माझा आवाज नेहमी खाली जायचा.) त्या आगीत नुसतं लाकूड जळालं नाही. मराठ्यांची गुराब कशी दिसायची, हे आज आपल्याला मुख्यतः परक्यांनी लिहिलेल्या वर्णनांवरून आणि त्यांनी काढलेल्या चित्रांवरून समजून घ्यावं लागतं. बांधणाऱ्यांचं ज्ञान त्यांच्या डोळ्यांत आणि हातांत होतं, बापाकडून मुलाकडे जाणारं. जहाज जळालं, हात थांबले, की ज्ञानही गेलं.

म्हणून मी नातवाला म्हटलं, "बाबा रे, गुराबीचं रंगीत चित्र आहे आपल्याकडे. रेषा नाहीत. तूही आता तेच करायला निघालायस."

तो हुशार आहे, लगेच उलट विचारलं, "पण आजोबा, नुसत्या कागदानं जहाज होतं का? बेपूरचे सुतार तर कागद न वापरता एवढाली उरू बांधतात."

बरोबर आहे त्याचं. केरळात बेपूरला अशी लाकडी जहाजं नजरेनं आणि अनुभवानं बांधण्याची जुनी परंपरा आहे, आणि ते कसब खरंच थक्क करणारं आहे. मुंबईच्या गोदीतही आलेल्या कागदावरून खरं जहाज उभं करायचं म्हणजे सोपं काम नाही. पाव इंचाचा फूट करून रेषा पूर्ण मापात काढायच्या, त्यावरून फर्मे बनवायचे आणि एकेका फासळीला साजेसं वळण असलेलं लाकूड निवडायचं. तिथे हातच लागतो. वाडियांनाही हे ठाऊक होतं. वाफेची जहाजं आली तेव्हा त्या घराण्यातले जहांगीर नवरोजी आणि हिरजीभाई मेरवानजी हे दोघे भाऊबंद १८३८ साली स्वतः इंग्लंडला गेले आणि चॅटमच्या गोदीत राहून शिकले. त्यांनी तिथल्या अडीच वर्षांच्या मुक्कामावर इंग्रजीत पुस्तक लिहिलं, ते १८४१ साली छापलं गेलं. म्हणजे शिकून आले आणि जे पाहिलं ते लिहूनही ठेवलं. मला त्यांचं हे दुसरं काम पहिल्याइतकंच मोलाचं वाटतं.

हात हवाच. पण हात एका जागी असतो आणि एका आयुष्यापुरता असतो. कागद चार ठिकाणी जाऊ शकतो, मात्र त्याच्या चार प्रती केल्या तरच.

हे शहाणपण मला उशिरा सुचलं, तेही सांगून टाकतो. नोकरीत असताना माझ्याकडे एक जाड वही होती. तीत मी इतिहासाच्या धड्यांसाठी हातानं नकाशे काढले होते. नाणेघाटातून जुन्नरला येणारी व्यापाराची वाट, पानिपतची रचना, शिवरायांचा आग्र्याहून परतीचा मार्ग. फळ्यावर रंगीत खडूंनी ते उतरवले की वर्ग अगदी चिडीचूप व्हायचा. एका तरुण सहकाऱ्यानं ती वही आठ दिवसांसाठी उतरवून घ्यायला मागितली. मी काहीतरी कारण सांगून टाळलं. खरं कारण हे की ते नकाशे माझे होते, माझी ओळख होती ती. निवृत्तीनंतर एका पावसाळ्यात माळ्यावरची ट्रंक उघडली तर वाळवीनं वहीचं पीठ केलेलं. त्या मास्तरांनी उतरवून घेतली असती तर आज त्यांच्याकडे जाऊन मीच परत उतरवून आणली असती. मुलांना आम्ही सांगायचो, विद्या दिल्यानं वाढते. आणि स्वतः मात्र हातचं राखून ठेवलं.

वहीची गोष्ट नातवाला पहिल्यांदाच सांगितली. तो काही बोलला नाही. रात्री उशिरापर्यंत खोलीत दिवा होता.

चार दिवसांनी जेवताना म्हणाला, "रेषा पाठवल्या. कोचीच्या मुलीनं चूक काढली. एका ठिकाणी वरून घेतलेली रुंदी आणि समोरून घेतलेली रुंदी जुळत नव्हती. तशीच बांधली असती तर तिथं फुगवटा आला असता." मी विचारलं, रंगीत चित्रात ती दिसली नसती का? म्हणाला, "चित्रात सगळं छानच दिसतं, आजोबा."

आमच्या गावाजवळ आर्वीला सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला उपग्रह केंद्र उभं राहिलं, तेव्हा आम्ही मुलांची सहल नेली होती. ती भलीमोठी तबकडी दाखवून सांगायचो की इथून साता समुद्रापार बोलता येतं. आता तर घरातूनच एका क्षणात आराखडा कोचीला पोचतो. 'जावा'सारखं काही व्हायची भीती नाही. आता भीती फक्त आपल्या मुठीची.

असो. तुमच्यापैकी कुणाकडे आईच्या हातची पाककृतींची वही असेल, वडिलांनी काढलेला विहिरीचा नाहीतर वाड्याचा नकाशा असेल, तर या आठवड्यात त्याची एक प्रत काढा आणि भावंडांकडे पाठवा. आणि कुणी माझे जुने विद्यार्थी हे वाचत असतील आणि त्यांच्या वहीत माझ्या फळ्यावरचा एखादा नकाशा उतरवलेला असेल, तर मला जरूर कळवा. मी उतरवून घ्यायला येईन.