उसवलेली शिवण : कृत्रिम हिरवळीचा एक दुर्लक्षित इतिहास

१/ नवी मुंबईतील एखाद्या गृहसंकुलाच्या पोडियमवरील टर्फ पावसाळ्यानंतर नीट पाहा. दुरून अखंड दिसणाऱ्या त्या हिरव्या पृष्ठभागावर कुठेतरी एक सरळ काळी रेघ उघडी पडलेली असते. तिथेच धावत्या मुलाचा पाय अडकतो. ती रेघ म्हणजे उसवलेली शिवण. आजचा थ्रेड तिच्या इतिहासाविषयी.

२/ आरंभ अमेरिकेत होतो. १९५० च्या दशकात तेथे एक चिंता व्यक्त होत होती : शहरी मुले ग्रामीण मुलांच्या तुलनेत शरीराने दुबळी ठरत आहेत, कारण त्यांना खेळायला मैदाने नाहीत. फोर्ड फाउंडेशनच्या साहाय्याने उभ्या राहिलेल्या एका शैक्षणिक संस्थेने शहरी शाळांसाठी टिकाऊ क्रीडापृष्ठाच्या शोधाला चालना दिली. म्हणजे कृत्रिम हिरवळीच्या जन्मामागे केवळ चैन नव्हती. जागेची टंचाई होती.

३/ १९६४ मध्ये ऱ्होड आयलंडमधील मोझेस ब्राउन शाळेत ‘केमग्रास’ नावाची नायलॉनची हिरवळ अंथरली गेली. १९६५ मध्ये ह्यूस्टनचे छत असलेले ॲस्ट्रोडोम मैदान खुले झाले. छताच्या पारदर्शक तावदानांमुळे खेळाडूंचे डोळे दिपू लागले, म्हणून ती रंगवली. सूर्यप्रकाश अडला आणि खरे गवत मेले. १९६६ मध्ये तेथे केमग्रास आले आणि त्या मैदानावरून त्याला ‘ॲस्ट्रोटर्फ’ हे नाव मिळाले.

४/ या वस्तूची मूळ अडचण मात्र पहिल्या दिवसापासून तिच्यासोबत होती. ती गालिच्यासारखी ठरावीक रुंदीच्या गुंडाळ्यांत तयार होते. मैदान त्याहून कितीतरी रुंद असते. म्हणजे जोड आलाच. ॲस्ट्रोडोममध्ये हे पट्टे चक्क झिपने एकमेकांना जोडले होते. खरे गवत तुडवले गेले तरी मुळांतून पुन्हा फुटते. कृत्रिम गवताला मुळे नसतात. त्याच्या जखमा माणसालाच भरून काढाव्या लागतात.

५/ हा जोड किती महाग पडू शकतो? १३ ऑगस्ट २००१ रोजी फिलाडेल्फियाच्या व्हेटरन्स स्टेडियममधील ईगल्स आणि रेव्हन्स यांचा अमेरिकन फुटबॉलचा सराव सामना रद्द करावा लागला. ते मैदान बेसबॉललाही वापरले जाई. बेसबॉलसाठी मातीचे ठेवलेले चौकोन टर्फच्या तुकड्यांनी झाकले जात. त्या तुकड्याचा सांधा सपाट बसला नाही आणि खेळणे धोक्याचे ठरले.

६/ आपल्याकडे ही हिरवळ हॉकीमुळे चर्चेत आली. १९७५ मध्ये क्वालालंपूरला विश्वचषक जिंकणारा भारत १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये, जिथे ऑलिंपिक हॉकी प्रथमच कृत्रिम पृष्ठावर खेळली गेली, सातव्या क्रमांकावर घसरला. त्या घसरणीचे सारे खापर टर्फवर फोडणे योग्य नाही. पण मैदान बदलले की खेळ बदलतो, हा धडा मिळाला.

७/ आता नवी मुंबई. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६० च्या दशकात मांडलेल्या कल्पनेतून, मुंबईची दाटी टाळणारे हे शहर आकाराला आले. आज त्याच शहरात वाहनतळाच्या छतावर, काँक्रीटच्या स्लॅबवर मुले खेळतात. अमेरिकेतील तो जुना प्रश्न अर्धशतकाने इथे पोहोचला आणि सोबत तेच उत्तर घेऊन आला.

८/ शिवण उसवते का? दोन पट्टे खालून एका जोडपट्टीवर गोंदाने चिकटवलेले असतात. उन्हाने टर्फ प्रसरण पावते, रात्री आकुंचते. सांध्यावर रोज ताण येतो. निचरा नीट नसेल तर पावसाचे पाणी खाली साचते. ओलसर किंवा धुळकट पृष्ठावर लावलेला गोंद मुळातच धरत नाही. आणखी एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही : पांढऱ्या रेषा अनेकदा कापून बसवलेल्या असतात, त्यामुळे अशा प्रत्येक रेषेला दोन शिवणी असतात.

९/ दुरुस्तीची रीत अशी. आधी सांध्याभोवतीची वाळू काढायची. दोन्ही कडा उलटून जुना गोंद खरवडायचा आणि जागा पूर्ण कोरडी होऊ द्यायची. नवी जोडपट्टी पसरून तिच्यावर दोन घटकांचा पॉलियुरेथेन गोंद लावायचा. तंतू गोंदात न अडकवता कडा भिडवायच्या. त्या एकमेकींवर चढता कामा नयेत. वर वाळूच्या पिशव्यांचे वजन ठेवायचे, गोंद पक्का होईपर्यंत खेळ बंद ठेवायचा आणि मग वाळू पुन्हा भरायची.

१०/ टर्फ आकसून फट रुंद झाली असेल तर कडा ओढून भिडवू नयेत. तो ताण शेजारचा सांधा उसवतो. तिथे त्याच जातीची अरुंद पट्टी, तंतूंचा कल जुळवून, बसवावी लागते. आणि पोडियमवर खिळे कधीच ठोकू नयेत : खालच्या जलरोधक थराला भोक पडले की मैदानाची दुरुस्ती वाहनतळाच्या गळतीत बदलते.

११/ आभाळच फाटले तर ठिगळ कुठे लावणार, असे आपण म्हणतो. इथे आभाळ फाटलेले नाही. बोटभर शिवण उसवली आहे. पण सोसायटीच्या बैठकीत टर्फ घालण्याचा खर्च मंजूर होतो आणि देखभालीचा विषय पुढच्या सभेवर जातो. जे स्वतः उगवत नाही, त्याची काळजी कोणीतरी नेमून घ्यावीच लागते. मैदानाच्या माळ्याला आपण निरोप दिला; त्याचे काम मात्र संपलेले नाही.

१२/ पुढच्या वेळी टर्फवर उतराल तेव्हा खेळण्यापूर्वी एकदा सांध्यांवरून पाय फिरवून पाहा. थ्रेड समाप्त.